वाचकांचे प्रश्न : पत्र्याखालचा उन्हाळा आणि घरातले डास

या अंकासाठी आलेल्या पत्रांमध्ये दोन तक्रारी पुन्हा पुन्हा भेटतात. उन्हाळ्यात घरात बसवत नाही, ही एक. आणि दिवेलागण झाली की डासांमुळे दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात, ही दुसरी. बहुतेकांनी त्या वेगवेगळ्या मांडल्या आहेत. उत्तरे देताना मी मात्र त्या एकत्र घेतल्या आहेत, कारण ज्या वाटेने वारा यायला हवा त्याच वाटेने डास येतो, आणि डासासाठी ती वाट बंद केली की दिवसभर तापलेले घर रात्रीही निवत नाही. एका अडचणीवरचा उपाय दुसरी अडचण वाढवणार नाही, एवढे पाहूनच पुढची उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : आमचे घर चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी तालुक्यात आहे. घरावर पूर्वी कवेलू (मातीची कौले) होते. वानरांच्या टोळ्या ते फोडत, दर पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागे आणि ते काम करणारी माणसे आता मिळत नाहीत, म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही पत्रे टाकले. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये दुपारी घरात थांबता येत नाही आणि रात्रीही भट्टीसारखे वाटते. डासांच्या भीतीने खिडक्या उघडता येत नाहीत. कवेलू पुन्हा घालणे शक्य नाही. कमी खर्चात काय करता येईल?

उत्तर : कवेलू काढल्याबद्दल आपण स्वतःला दोष देऊ नये. वानरांचा उपद्रव खरा आहे आणि विदर्भातील असंख्य कुटुंबांनी याच कारणाने पत्रा स्वीकारला आहे. मात्र या बदलात नेमके काय गमावले ते आधी समजून घेतले पाहिजे. भाजलेल्या मातीचे कवेलू सावकाश तापत असत, आणि त्यांच्या सांध्यांमधून घरातली गरम हवा वर निसटून जात असे. पत्रा काही मिनिटांत तापतो, मे महिन्याच्या उन्हात त्याचे तापमान ६० अंशांच्या वर जाते, आणि तो बसवताना गवंडी बहुधा वळचणीची फटही सिमेंटने बुजवून टाकतो. म्हणजे छप्पर अधिक तापू लागले आणि त्याच वेळी गरम हवेची बाहेर पडण्याची वाटही बंद झाली.

आपल्याकडे मे महिन्याच्या उत्तरार्धात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्याच्या आगेमागे कित्येक आठवडे दुपारचे ऊन जवळपास सरळ छपरावर पडते, दक्षिणेच्या भिंतीला ते फारसे लागतही नाही, आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंती अनुक्रमे सकाळी आणि संध्याकाळी तापतात. म्हणून हाती असलेला पैसा सर्वांत आधी छपरावर खर्च करावा, त्यानंतर पश्चिमेच्या भिंतीवर सावली आणण्यासाठी, आणि बाकीचे सगळे मागाहून.

छपरावर पहिला उपाय पांढऱ्या रंगाचा. जस्ती पत्रा चकाकतो, त्यामुळे तो ऊन परतवत असेलच असा अनेकांचा समज असतो. तो काही ऊन परतवतो हे खरे, परंतु जेवढी उष्णता शोषतो ती बाहेर टाकण्यात तो फार कमी पडतो, म्हणून चकाकत असूनही तापलेला राहतो. पांढरा रंग दोन्ही कामे करतो : ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णता आकाशाकडे सोडूनही देतो. अशा छपराखालचे तापमान साधारणतः २ ते ५ अंशांनी उतरते. अहमदाबादेत गरीब वस्त्यांमधील घरांच्या छपरांवर याच पद्धतीने काम झाले आहे आणि तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. जस्ती पत्र्यावर नुसता चुना टिकत नाही. पत्रा धुऊन, त्याला योग्य प्रायमर लावून, बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारा पांढरा रंग दोन हातांनी द्यावा. होळीच्या आत हे काम उरकावे आणि पुढे दर उन्हाळ्याआधी धूळ धुऊन काढावी, कारण धुळीने मळलेला पांढरा पत्रा निम्मे काम करणे सोडून देतो. पत्र्यावर चढताना खिळ्यांच्या ओळीवर, म्हणजे खाली आधार असलेल्या ठिकाणीच पाय द्यावा. पत्रे सिमेंटचे असतील तर त्यांवर थेट चढूच नये, फळी टाकावी; आणि त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असण्याची शक्यता असल्याने ते कोरडे घासू नयेत, कापू नयेत किंवा त्यांना भोके पाडू नयेत.

दुसरा उपाय पत्र्याच्या खालचा. आपल्या भागात बांबूचे तट्टे विणणारे कारागीर अजून आहेत. पत्र्याखाली किमान वीतभर अंतर सोडून तट्ट्यांचे छत केले आणि त्याला खालून माती-शेणाचा पातळ गिलावा दिला, तर तापलेल्या पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही. हे मधले अंतर दोन्ही टोकांना उघडे असले पाहिजे, नाहीतर तिथे कोंडलेली गरम हवा छतालाच तापवत राहील. आणि त्या दोन्ही टोकांना बारीक जाळी असली पाहिजे, नाहीतर उंदीर आणि त्यांच्यामागून साप तिथे घर करतील. थर्माकोलचे छत स्वस्त पडते, पण ज्या घरात चूल पेटते तिथे ते लावू नये. ते लवकर पेट घेते आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. पत्र्यावर वाळलेले गवत किंवा पऱ्हाट्या पसरतानाही ठिणगीचा हाच विचार करावा.

तिसरा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच बहुधा राहून जातो. आढ्याखालच्या दोन्ही त्रिकोणी भिंतींमध्ये, जितक्या उंचावर शक्य असेल तितक्या उंचावर, समोरासमोर हात-दीड हात रुंद झरोके काढावेत आणि त्यांना डासांची जाळी बसवावी. वळचणीची फट सिमेंटने बुजवलेली असेल तर ती फोडून तिथेही जाळीची पट्टी लावावी. गरम हवा वर चढते; तिला वरून वाट मिळाली की खालच्या खिडकीतून गार हवा आपोआप ओढली जाते. खिडक्यांनाही जाळ्या बसल्या की घराचे वेळापत्रक बदलता येते : सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उन्हाच्या बाजूच्या खिडक्या झाकून घ्याव्यात आणि सूर्य कलल्यावर सगळ्या उघडून रात्रभर उघड्या ठेवाव्यात. आज आपल्याकडे नेमके उलटे होत आहे : दुपारची झळ आत येते आणि रात्रीचा गारवा डासांच्या भीतीने बाहेर राहतो.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात शिक्षिका आहे. आम्ही खिडक्यांना जाळी लावली, तर वाराच येईनासा झाला, म्हणून घरच्यांनी ती काढून टाकली. कोणती जाळी घ्यावी? आणि जाळी लावल्यावर मच्छरदाणीची गरज राहते का?

उत्तर : घरच्यांची तक्रार खोटी नाही. कोणतीही जाळी वाऱ्याचा वेग कमी करते. जितकी भोके बारीक आणि तार जाड, तितका तो अधिक अडतो. दुकानात इंचाला १८ आणि १६ घरांची जाळी मागावी. तिची भोके साधारण सव्वा मिलिमीटरची असतात, त्यातून डास शिरत नाही आणि हवाही पुष्कळ येते. त्याहून बारीक जाळी केवळ डासांसाठी घेण्याचे कारण नाही. बागेला लावतात ती हिरवी शेडनेट किंवा जुनी साडी खिडकीला ताणून बसवली तर वारा अडतो, आणि डास कडेने येतोच. जाळीमुळे अडलेला वारा भरून काढायचा तर उघडे क्षेत्र वाढवावे लागते. एका खिडकीच्या समोरच्या भिंतीत दुसरी खिडकी किंवा निदान झरोका असेल तरच वारा खेळतो. एकाच बाजूला कितीही मोठी खिडकी केली तरी तो आत येऊन थबकतो.

जाळी बसवल्यानंतर रात्री आत दिवा लावून बाहेरून घराभोवती एक फेरी मारावी. जिथे उजेडाची रेघ दिसेल ती फट डासाला पुरेशी आहे. बहुतेक घरांत ही रेघ दाराखाली दिसते. जाळीचे दार बाहेर उघडणारे आणि स्प्रिंगने आपोआप मिटणारे असावे, कारण लेकरे आणि पाहुणे दार ओढून घेतील यावर विसंबता येत नाही.

घराला जाळी बसवून हिवताप टाळण्याची कल्पना जुनी आहे. डासांमुळे हिवताप पसरतो हे नुकतेच कळले होते, त्या काळात म्हणजे १९०० साली, सांबोन आणि लो हे दोन डॉक्टर सहकाऱ्यांसह रोमजवळच्या ओस्टिया या दलदलीच्या भागात जाळ्या लावलेल्या लाकडी घरात ऐन हिवतापाच्या हंगामात, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत राहिले. ते संध्याकाळ ते सकाळ घराबाहेर पडत नसत, आणि त्यांना हिवताप झाला नाही. अलीकडे पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशात घरांना जाळ्या बसवून केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तिथे घरात सापडणाऱ्या डासांची संख्या साधारण निम्म्यावर आली आणि लहान मुलांमधील रक्तक्षयही घटला. त्याच देशात पुढे झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र, जी कुटुंबे औषधभारित मच्छरदाणी वापरतच होती त्यांच्या हिवतापात घर सुधारल्याने आणखी लक्षणीय घट दिसली नाही. तिथले डास आपल्याकडच्यांहून वेगळ्या जातीचे आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : जाळी बसवली तरी मच्छरदाणी सोडू नये. ती सौम्य साबणाने धुवावी आणि सावलीत वाळवावी. उन्हात वाळवल्यास तिच्यातील औषधाचा गुण लवकर जातो.

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात आम्हाला घरकुल मंजूर झाले आहे. सध्याचे घर कुडाचे आहे, ते उन्हाळ्यात गार असते, पण डास फार येतात. नवे घर पक्के बांधताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरलेले आहे. सपाट प्रदेशात त्यासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागांत १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य ठरलेले आहे. एवढ्या रकमेत चुकांना जागा नसते, म्हणून ज्या गोष्टींना पैसा लागत नाही त्यांपासून सुरुवात करू.

घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे लांब भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला येतील आणि उन्हात तापणाऱ्या पूर्व-पश्चिमेच्या भिंती आखूड राहतील. पश्चिमेला छपरी काढावी. पैसे नसतील तर कुडाचीच काढावी, सावलीला सिमेंट लागत नाही. खिडक्या समोरासमोर घ्याव्यात, आणि चौकटी बनवून घेतानाच सुताराकडून जाळीसाठी खाच ठेवून घ्यावी, कारण मागाहून ठोकलेली जाळी दोन पावसाळ्यांत निसटते. छपरासाठी स्लॅब निवडणार असाल तर तो दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती घरात सोडतो, हे ध्यानात घ्यावे. त्याच्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवून घेतले तर फार फरक पडतो. ते जमले नाही तर दर वर्षी उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे दोन हात तरी द्यावेत. चुना विरवताना तो पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये, आणि मुलांना दूर ठेवावे. डोळ्यात उडाला तर इजा गंभीर होते. जुने कुडाचे घर पाडायची घाई करू नये. कुडाच्या भिंतींना आतून-बाहेरून मातीचा गिलावा देऊन फटी भरल्या आणि झरोक्यांना जाळी लावली, तर उन्हाळ्याच्या दुपारी तेच घर कुटुंबाला आसरा देईल.

आता हिवतापाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रात या रोगाचा मोठा भार आपल्या जिल्ह्यावर आहे. तिथे हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनॉफिलीस डासांपैकी एक जात जंगलातल्या स्वच्छ, संथ वाहत्या ओढ्यांच्या काठाने वाढते. गावातली डबकी बुजवता येतात. जंगलातले ओढे बुजवता येत नाहीत. ज्या भागात डासांचे उगमच हटवता येत नाहीत, तिथे माणूस आणि डास यांच्यामध्ये घराची भिंत आणि मच्छरदाणी हीच आड येऊ शकतात, आणि म्हणून आपल्या भागात घरबांधणीतल्या या बारीकसारीक गोष्टींना इतरत्रांपेक्षा अधिक मोल आहे.

एक विनंती आवर्जून करतो. आरोग्य खात्याचे कर्मचारी घरात औषध फवारून जातात, त्यानंतर त्या औषधाचा अंश भिंतीवर राहतो आणि भिंतीवर विसावणारा डास त्याने मरतो. पुष्कळ घरांत फवारणीचे डाग आणि वास आवडत नाहीत, म्हणून दुसऱ्या-चौथ्या दिवशी भिंती सारवल्या जातात किंवा त्यांना चुना दिला जातो, आणि सगळे औषध त्या थराखाली गाडले जाते. सारवण आणि रंग फवारणीच्या आधी करून घ्यावे. नंतर किमान अडीच महिने भिंतीला हात लावू नये. गोठ्यातही फवारणी करून घ्यावी, कारण हे डास गुरांचेही रक्त पितात आणि तिथेच विसावतात. आणि नव्या घराला गोठा चिकटून बांधू नये. धान राखायला शेतावर मुक्काम असेल तेव्हा घराची जाळी उपयोगी पडत नाही. त्या दिवसांत मच्छरदाणी सोबत न्यावी.

प्रश्न : अकोला जिल्ह्यातील आमच्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते, त्यामुळे घरात टाक्या, ड्रम, रांजण भरून ठेवावे लागतात. उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही. गेल्या वर्षी घरात दोघांना डेंग्यू झाला. आमच्या घराभोवती घाण पाणी अजिबात नाही, मग हे कशामुळे?

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाण पाण्यात वाढत नाही. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते, म्हणजे आपण काटकसरीने भरून ठेवलेले पाणीच. तो दिवसा चावतो, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात, टांगलेल्या कपड्यांमागे, खाटेखाली बसून राहतो. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात आठवडा-दहा दिवस लागतात, आणि आपल्या नळाचा फेराही नेमका तेवढाच आहे. हा दोष आपला नाही, पाणीपुरवठ्याचा आहे. तरी तोवर घराचे रक्षण आपल्यालाच करावे लागणार.

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा हे सगळेच सांगतात. जिथे दहा दिवसांनी पाणी येते तिथे भरलेला ड्रम ओतून द्या असे मी सांगू शकत नाही. आपण भांडी दोन गटांत विभागावीत. वापराच्या छोट्या भांड्यांचे पाणी आधी संपवून ती रिकामी करून घासावीत. घासणे महत्त्वाचे, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, ती कोरडी पडूनही काही महिने तग धरतात आणि पाणी भरताच फुटतात. मोठ्या टाक्या आणि ड्रम यांना घट्ट झाकण असावे. झाकण फुटले असेल तर दुहेरी सुती कापड ताणून सुतळीने घट्ट बांधावे. नुसते पांघरलेले कापड मध्ये खोल जाते आणि डास कडेने शिरतो. जे मोठे हौद झाकता येत नाहीत त्यांत गप्पी मासे सोडावेत. ते प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळू शकतात.

कूलर हा आपल्याकडचा उन्हाळ्याचा आधार आहे आणि विदर्भाच्या कोरड्या हवेत तो खरोखर काम करतो, म्हणून तो बंद करा असेही मी म्हणणार नाही. मात्र त्याचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून, टाकी आतून घासून, तासभर उन्हात सुकवावी. हंगाम संपल्यावर कूलर तसाच छपरीत ढकलून दिला जातो, तळाशी दोन बोटे पाणी उरते, आणि त्याच्या गवताच्या ओल्या ताट्यांसकट तो पावसाळ्यातल्या डासांचे पहिले घर होतो. ताट्या काढून जाळाव्यात आणि टाकी पालथी घालावी. कूलर चालू असताना समोरची जाळीची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत तो केवळ दमटपणा वाढवतो, घाम सुकत नाही आणि मग आणखी पाणी ओतले जाते.

आणखी एक गोष्ट छपरावर चढून पाहावी. वादळात पत्रे उडू नयेत म्हणून पुष्कळ जण त्यांवर जुने टायर ठेवतात. पहिल्या पावसात त्यांत पाणी साचते आणि ते कोणाच्या नजरेलाही पडत नाही. टायरऐवजी माती भरलेली पोती ठेवावीत, किंवा पत्रे आकड्यांनी नीट आवळून घ्यावेत.

प्रश्न : लातूर जिल्ह्यात आमचे आजोबांच्या काळचे माळवदाचे (मातीच्या सपाट छपराचे) घर आहे. मुले म्हणतात, पाडून पत्र्याचे शेड टाकू. माळवद गार असते हे मान्य, पण भूकंपाची भीतीही मनात आहे. काय करावे?

उत्तर : हा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे झाले ते आपल्या पिढीने पाहिले आहे. हजारो माणसे गेली, आणि त्यांतली फार मोठी संख्या दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळून गेली. म्हणून ‘जुने ते सोने’ असे मी आपल्याला लिहिणार नाही. पण त्या धसक्याने उभे राहिलेले पत्र्याचे शेड भूकंपात हलके असले तरी मराठवाड्याच्या दर उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांची परीक्षा पाहते, हेही तितकेच खरे आहे.

माळवद गार का असते? पांढऱ्या मातीचा जाड थर ऊन शोषतो, आणि ती उष्णता खाली झिरपायला इतका वेळ लागतो की तोवर रात्र झालेली असते. गारव्याचे कारण हा थर, आणि धोक्याचे कारणही हाच थर, कारण दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी वर नवी माती टाकली जाते आणि जुनी कोणी काढत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हा थर वाढत जातो आणि त्याखालचे सर (आडव्या तुळया) व खांब मात्र म्हातारे होत जातात. भूकंपानंतर अशा घरांच्या बळकटीकरणासाठी जे सांगितले गेले त्यात वरची जादा माती उतरवणे, दगडी भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या पदरांना जोडणारे आरपार दगड बसवणे आणि भिंतीभोवती पट्टा बांधणे ही मुख्य कामे होती. आपल्या घराची भिंत फुगलेली आहे का, लाकूड वाळवीने पोखरले आहे का, हे जाणत्या अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवावे. भिंत फुगली असेल आणि सर खचले असतील, तर मोह सोडून ते छप्पर उतरवावे. त्या घराखाली कोणाला झोपवू नये. लाकूड सुस्थितीत असेल, तर जादा थर उतरवून, गळतीसाठी मातीऐवजी पातळ जलरोधक थर आणि त्यावर चुन्याचा पांढरा हात देऊन ते राखता येते. थर कमी झाल्याने गेलेला गारवा पांढऱ्या पृष्ठभागाने पुष्कळसा भरून निघतो. माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या वरच्या भोकावर जाळीची चौकट बसवून घ्यावी. रात्री तेच गरम हवेचे धुराडे ठरते.

पत्र्याचे शेड टाकायचेच ठरले, तर ब्रह्मपुरीच्या वाचकांना दिलेले उत्तर आपल्यालाही लागू आहे.

प्रश्न : मोरीचे पाणी गल्लीत साचते, डास होतात. नाली बांधून मिळत नाही. (परभणी जिल्हा)

उत्तर : नालीची वाट पाहू नये. नाली बांधली तरी उतार चुकला की तीच तुंबते. मोरीच्या बाहेर साधारण मीटरभर लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा घ्यावा, तळाशी मोठे दगड व वर लहान दगड भरावेत, आणि गाळ-साबणाचा चोथा अडवण्यासाठी आधी एक छोटी, साफ करता येण्याजोगी कुंडी ठेवावी. कुंडी साफ केली नाही तर खड्डा दोन वर्षांत बुजतो. विहिरीपासून आणि बोअरपासून तो दूर असावा. काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही, तिथे खड्डा मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे करून गल्लीतले सांडपाणी आणि त्याबरोबर डास हटवले, आणि ती पद्धत ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली. शौचालयाच्या टाकीच्या हवेच्या नळीलाही वरून जाळी बांधावी. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास तिथूनच बाहेर पडतो.

प्रश्न : कुडाळजवळ आमचे चिऱ्याचे, कौलारू घर आहे. विदर्भातल्या नातेवाइकांसारखा कूलर घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. कोकणच्या हवेत आधीच इतकी आर्द्रता असते की कूलरच्या पाण्याची वाफ व्हायला वाव राहत नाही. घर फक्त दमट होते. तिथे उपयोग वाहत्या वाऱ्याचा आणि पंख्याचा आहे. कौले राखता आली तर राखावीत. जाळी लोखंडी घेऊ नये, खाऱ्या हवेत ती गंजते. फायबरची किंवा चांगल्या स्टीलची घ्यावी. पावसाळ्यात मात्र घरापेक्षा परड्याकडे अधिक लक्ष द्यावे. नारळाच्या करवंट्या, सुपारीच्या पडलेल्या पोया, रबराच्या झाडांना बांधलेल्या वाट्या, या सगळ्यांत एडिसला पुरेसे पाणी साचते.

प्रश्न : माझे बाळ पाच महिन्यांचे आहे. दिवसा ते झोळीत झोपते आणि डास लागू नयेत म्हणून आम्ही झोळीवर साडी टाकतो. घर पत्र्याचे आहे. हे बरोबर आहे ना?

उत्तर : ताई, साडी टाकू नका. दिवसा डासापासून बाळाला जपण्याचा आपला विचार अगदी योग्य आहे, कारण डेंग्यूचा डास दिवसाच चावतो. परंतु पत्र्याखाली दुपारच्या वेळी झाकलेल्या झोळीत हवा कोंडते, आणि एवढ्या लहान बाळाला अंगातली उष्णता बाहेर टाकणे मोठ्यांइतके जमत नाही. वरच्या हवेपेक्षा जमिनीलगतची हवा गार असते, म्हणून दुपारी बाळाला पत्र्यापासून दूर, खाली सारवलेल्या जमिनीवर सतरंजी आणि सुती कापड घालून झोपवावे आणि त्यावर छत्रीसारखी उघडणारी जाळीची मच्छरदाणी ठेवावी. अंगावर एकच पातळ सुती कपडा पुरे. पंखा लावावा, मात्र खोलीतील हवा ४० अंशांच्या वर तापलेली असेल तर पंखा गरम झळच अंगावर फेकतो. तेव्हा बाळाला घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत गार जागी हलवावे, ओल्या कापडाने अंग पुसत राहावे आणि अंगावर वारंवार पाजावे. बाळ सुस्त झाले, दूध ओढेना, लघवी कमी झाली किंवा अंग तापले, तर ऊन लागले असेल की ताप आहे याचा घरी निवाडा करत बसू नये. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे आणि तापासाठी रक्ताची तपासणी करून घ्यावी. हिवतापाची झटपट तपासणी पुष्कळ गावांत आशाताईंकडेही होते.